उपचार संपून १४ वर्षं झाली: आता काय तपासायचं, काय नाही, आणि अभ्यासात नाव द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणाऱ्या, वाशीला नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या मुलीला अकराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) झाला होता. हातात एक जुनं डिस्चार्ज कार्ड आहे. त्यावर एवढंच: दुसरी स्टेज, एबीव्हीडी ४ सायकल, मान आणि छातीच्या मध्यभागी शेक २५.२ ग्रे, रिमिशन. (एबीव्हीडी ही चार औषधांची केमो, शेक म्हणजे रेडिएशन, ग्रे हे त्याच्या मात्रेचं माप, रिमिशन म्हणजे आजाराची खूण न उरणं.) पाच वर्षं फॉलोअप झाला, मग कोणी बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. आता त्याच रुग्णालयातून, बऱ्या झालेल्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात सहभागी होण्यासाठी फोन आला आहे. वडील मात्र दरवर्षीच्या ‘पेट स्कॅन आणि ट्यूमर मार्कर’ (कॅन्सर शोधणारा अंगभर स्कॅन आणि कॅन्सरच्या रक्तातल्या खुणा) पॅकेजची चौकशी करत आहेत. संध्याकाळी घरी आल्यावर गळून जायला होतं, त्याचा त्या आजाराशी संबंध आहे का, आणि लग्नाचं बघताना काय सांगायचं, हेही विचारलं आहे.

आधी थेट उत्तर देतो. अभ्यासात नाव जरूर द्या. पॅकेज घेऊ नका. आणि दोन तपासण्या तुमच्या बाबतीत रखडल्या आहेत, त्यांच्या मागे लागा: हृदयाचा टू-डी इको, आणि स्तनांचा एमआरआय व मॅमोग्राफी. दुसऱ्या तपासणीचं नाव ऐकून घाबरू नका, कारण खाली येईलच.

बरं होऊन पाच-सात वर्षं उलटली की ‘कोणता कॅन्सर होता’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘काय दिलं, किती दिलं, कुठे दिलं’ हा पुढे येतो. ल्युकेमिया झालेला मुलगा आणि हाडाचा कॅन्सर झालेली मुलगी, दोघांना डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल तर हृदयाच्या बाबतीत दोघं एकाच रांगेत बसतात. उलट हॉजकिनच्याच दोन मुलींमध्ये एकीला शेक मिळाला आणि दुसरीला नाही, तर त्यांच्या पुढच्या तपासण्यांची यादी पूर्ण वेगळी होते. फॅमिली डॉक्टरला ‘मला लहानपणी कॅन्सर झाला होता’ एवढंच सांगून काही साधत नाही, ते यामुळेच. ते बिचारे हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी लिहून देतात.

म्हणून पहिलं काम कागदाचं. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा आणि तीन गोष्टी नाव घेऊन मागा: केमोथेरपी चार्ट (कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मिलिग्रॅम), रेडिएशन समरी, आणि उपचार संपल्यानंतरचा पहिला इको. रेडिएशनचे कागद बऱ्याचदा मुख्य फाइलमध्ये नसतात, रेडिओथेरपी विभागाकडे वेगळे असतात; तिथे स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. पण त्याच नियमानुसार भरती रुग्णांचे कागद जपण्याचं बंधन फक्त तीन वर्षांचं आहे. मोठी कॅन्सर रुग्णालयं त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात, लहान रुग्णालयं रद्दीत घालतात. आजच मागा म्हणतो ते त्यासाठी.

आता आकड्यांकडे. एबीव्हीडीतलं ‘लाल औषध’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते एका सायकलमध्ये दोनदा, दर वेळी शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे २५ मिलिग्रॅम देतात. चार सायकल म्हणजे आठ डोस, ८ × २५ = २०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. कार्डावरून निघतं ते एवढंच, आणि ते खरं असेलच असं नाही. रक्तपेशी कमी झाल्या म्हणून डोस घटवलेला असतो, किंवा चौथ्या सायकलचा दुसरा अर्धा भाग दिलेलाच नसतो. कार्डावर तरीही ‘४ सायकल’च लिहिलं जातं. चार्टमधले मिलिग्रॅम मोजले की खरा आकडा कळतो.

इथे एक चूक हमखास होते. समजा त्या वेळी तुमची उंची १४० सेंटिमीटर आणि वजन ३० किलो होतं. १४० गुणिले ३०, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ: १.०८ चौरस मीटर. म्हणजे एका वेळी साधारण २७ मिलिग्रॅम औषध गेलं, आठ वेळा मिळून २१६. हे २१६ भागिले १.०८ केलं की बरोबर २०० येतात. पण आज कोणी हिशोब करताना तुमची आजची उंची १६० आणि वजन ६० धरलं, तर पृष्ठभाग १.६३ येतो आणि उत्तर येतं १३२. एका भागाकारात डोस एक तृतीयांशाने कमी दिसू लागला! भागायचं ते नेहमी औषध दिलं त्या दिवशीच्या पृष्ठभागाने. दुसऱ्या कोणाला हा हिशोब करायचा असेल आणि चार्टमध्ये डॉनोरुबिसिन (याच जातीचं दुसरं औषध) असेल, तर त्याचे मिलिग्रॅम निम्मे धरतात. मायटोझँट्रोन असेल तर दहापट.

शेकाचंही तसंच. २५.२ ग्रे हा एकूण आकडा, १.८ ग्रेचे १४ शेक मिळून तो होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मशीनचा झोत नेमका कुठून कुठपर्यंत होता. समरीत आकृती किंवा क्षेत्राचं वर्णन असतं. मानेच्या एकाच बाजूला होता की दोन्ही, काख आत होती की नाही, यावर थायरॉइड आणि स्तनांचा हिशोब ठरतो.

हे सगळं एका पानावर आणा: आजार आणि निदानाची तारीख, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, शेकाची जागा, मात्रा आणि तारखा, शस्त्रक्रिया, रक्त चढलं असल्यास कधी, शेवटचे रिपोर्ट. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत घरच्यांकडे द्या. (रक्ताचा उल्लेख मुद्दाम केला. हेपॅटायटिस सीची तपासणी भारतातल्या रक्तपेढ्यांत २००१ मध्ये सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना रक्त किंवा प्लेटलेट्स चढल्या, त्यांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी. आता त्यावर काही आठवड्यांच्या गोळ्यांचा उपचार आहे. तुमचे उपचार २०१० नंतरचे, तुम्हाला हा प्रश्न नाही.)

आता तुमच्या पानावरून काय निघतं ते पाहू.

हृदय. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जास्त धोक्याची रेषा अशी आहे: लाल औषध २५० (मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर) किंवा जास्त, किंवा छातीला शेक ३० ग्रे किंवा जास्त, किंवा दोन्ही मिळालेले असतील तर औषध किमान १०० आणि शेक किमान १५ ग्रे. तुमचे २०० आणि २५.२ वेगवेगळे पाहिले तर दोन्ही मधल्या पातळीत बसतात. एकत्र पाहिले की तुम्ही वरच्या गटात जाता. वेगवेगळ्या विभागांचे कागद वेगवेगळ्या पिशव्यांत राहिले की हेच निसटतं. वरच्या गटाला दर दोन वर्षांनी इको. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर करा. दोन सेंटरच्या वाचनात पाच-दहा टक्क्यांचा फरक नुसत्या हाताचा असू शकतो. इजेक्शन फ्रॅक्शनसोबत (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ‘स्ट्रेन’, म्हणजे स्नायू किती आखडतो ते, मोजता येतो का विचारा, स्नायूचा थकवा त्यात आधी दिसतो. पण इकोपेक्षाही स्वस्त आणि जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे बीपी. हृदयाला औषध किंवा शेक लागलेल्यांमध्ये रक्तदाब वाढला की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. वर्षातून दोनदा मोजा, १३०/८० च्या वर राहत असेल तर ‘अजून लहान वय आहे’ म्हणून सोडू नका. आणि पस्तिशी-चाळिशीत छातीत दुखलं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका. शेक मिळालेल्या छातीत हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर आकसू शकतात, वय पाहून ईसीजी टाळला जातो. तुम्ही पान पुढे करून तो मागा.

स्तन. वाढत्या वयात छातीला शेक मिळालेल्या मुलींमध्ये पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सर्वसाधारण बायकांपेक्षा बराच जास्त असतो आणि तो तरुण वयात येतो. तिशीच्या आत १० ग्रे किंवा जास्त शेक मिळाला असेल तर वर्षातून एकदा एमआरआय आणि मॅमोग्राफी, सुरुवात वयाच्या २५ व्या वर्षी किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हा. तुम्हाला शेक बाराव्या वर्षी मिळाला असं धरलं तर आठ वर्षं विसाव्यालाच झाली, म्हणून पंचविसावं धरायचं. ते गेल्या वर्षी झालं. नुसती सोनोग्राफी किंवा नुसती मॅमोग्राफी या वयात अपुरी, कारण तरुण स्तन दाट असतात आणि मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा, गाठही पांढरी. एमआरआय पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान घ्या, नाहीतर हार्मोन्समुळे सगळाच स्तन उजळतो आणि विनाकारण बायोप्सी मागे लागते. सेंटरवाले तारीख देताना हे विचारतीलच असं नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘बाराव्या वर्षी छातीला शेक’ हे कारण लिहून घ्या, नाहीतर २६ व्या वर्षी मॅमोग्राफी कशाला म्हणून काउंटरवरूनच परत पाठवतील.

थायरॉइड. वर्षातून एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि डॉक्टरांनी हाताने मान तपासणं. शेकानंतर थायरॉइड मंदावणं पाचव्या वर्षीही होतं, पंचविसाव्यालाही. दरवर्षी मानेची सोनोग्राफी करायची का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मी स्वतः गाठ हाताला लागेपर्यंत थांबण्याच्या बाजूचा आहे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीची लाट आली तेव्हा थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ ते २०११ मध्ये १५ पट झाली आणि मृत्यूंचं प्रमाण जिथल्या तिथे राहिलं. शेक मिळालेल्या मानेला हे जसंच्या तसं लागू होत नाही, तरी गाठीत तपासणीची सुई घालण्याआधी आठवावं असं आहे.

फुप्फुसांसाठी एकदा पीएफटी (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणं) करून ठेवा, कारण एबीव्हीडीतलं ब्लिओमायसिन आणि छातीचा शेक दोन्ही फुप्फुस कडक करू शकतात. कोणत्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ब्लिओमायसिनचं नाव सांगा, अगदी अक्कलदाढेच्या ऑपरेशनलाही. जास्त ऑक्सिजन देताना ते काळजी घेतात. तंबाखू, सिगारेट, मिश्री, सगळं बंद. हे सगळ्यांनाच लागू, तुम्हाला दुप्पट.

मूल होण्याबद्दल: एबीव्हीडी हे अंडाशयाला तुलनेने सौम्य आहे आणि छातीचा शेक तिथपर्यंत पोचत नाही. त्याच काळात काही ठिकाणी दिली जाणारी, प्रोकार्बझिन हे औषध असलेली केमो वेगळी; ती विशेषतः मुलग्यांच्या बीजावर जड जाते. म्हणूनही चार्ट हवा: एबीव्हीडीच्या आधी दुसरं काही दिलं होतं का ते कळतं. पाळी नियमित असणं म्हणजे अंड्यांचा साठा भरपूर असणं नव्हे, पण एएमएचचा (हा साठा दाखवणाऱ्या हार्मोनचा) आकडा कमी आला म्हणून घाईही नको. तो पाहायचा तो स्त्रीरोगतज्ज्ञांच्या समोर बसून. गरोदरपणाआधी इको आणि टीएसएच करा, आणि गरोदरपणात हृदयरोगतज्ज्ञांना सोबत ठेवा. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त दिसतात का, यावर मोठे अभ्यास झाले आहेत आणि तसं आढळलेलं नाही. आनुवंशिक कॅन्सरची घराणी हा त्याला अपवाद.

मग लग्नाचं बघताना? लपवू नका, कारण पुढे इको, एमआरआय, गरोदरपणातली देखरेख, हे लपून राहणारं नाही. पण पहिल्या भेटीत पूर्ण फाइलही उघडायची गरज नाही. बोलणी पुढे सरकली की ते एक पान दाखवा आणि मुलाला तुमच्या डॉक्टरांना एकदा भेटू द्या. नातेवाइकांकडून ऐकलेल्या ‘परत येतं म्हणे’पेक्षा ते बरं.

विम्याच्या अर्जातही आजार लिहायचाच. सध्याच्या नियमांत आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ ३६ महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहितीच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. फ्रान्समध्ये २०१६ पासून ठरावीक वर्षांनंतर कॅन्सरचा इतिहास विमा आणि कर्जाच्या अर्जात न सांगण्याचा हक्क आहे. आपल्याकडे असा कायदा नाही.

पॅकेजला नको का म्हटलं, ते वडिलांना नीट सांगावं लागेल, कारण त्यांची भीती खरी आहे. हॉजकिन परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. पाच वर्षांनंतर ते क्वचित घडतं. चौदाव्या वर्षी पेट स्कॅन करणं म्हणजे चोर ज्या दाराने कधीच गेला त्या दाराला कुलूप लावणं. हृदयाचा स्नायू कमकुवत होतोय का, थायरॉइड मंदावलंय का, हे पेटमध्ये कळत नाही, आणि स्तनातली अगदी लहान गाठ त्यात निसटू शकते. शिवाय एका पेट-सीटीत साधारण १० ते २५ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतो. ज्या शरीराला आधीच शेक मिळालाय त्याला दरवर्षी एवढा आणखी देण्यात अर्थ नाही. आणि आपल्याकडे एक खास अडचण: टीबी. जुन्या किंवा चालू टीबीच्या गाठी पेटमध्ये कॅन्सरसारख्याच चमकतात. मग बायोप्सी, मग आठ-दहा दिवसांचा जीव टांगणीला, आणि शेवटी रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे टीबीसारख्या दाहाची गाठ, कॅन्सर नव्हे.

जास्त तपासण्या केल्या की जास्त जगतात का, हे मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये रीतसर तपासून झालंय. इटलीत १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, प्रत्येकीत बाराशेहून जास्त स्त्रिया. एका गटाला ठरावीक अंतराने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरे; दुसऱ्याला फक्त तपासणी आणि मॅमोग्राफी, बाकी लक्षणं दिसली तर. जगण्यात फरक पडला नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये २५०९ रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीटी आणि सीईए हा ट्यूमर मार्कर वारंवार केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सीए-१२५ हा मार्कर वाढताच लगेच उपचार सुरू केले काय आणि लक्षणं आल्यावर केले काय, आयुष्य तेवढंच राहिलं. लवकर सुरू केलेल्यांना केमो मात्र जास्त काळ सोसावी लागली. हॉजकिनसाठी तर उपयोगी ट्यूमर मार्करच नाही. पॅकेजमधल्या मार्करच्या लांबलचक यादीचं काय करायचं, हा प्रश्न सेंटरवाल्यांनाच विचारून पाहा.

आता गळून जाण्याचं. याला कॅन्सरनंतरचा थकवा म्हणायच्या आधी साधी कारणं काढून टाका: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच, बी-१२, साखर, आणि तुमच्या बाबतीत इको. जिना चढताना धाप, रात्री उशा वाढवाव्या लागणं, पायाला सूज, यांतलं काही असेल तर इकोसाठी पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. झोप किती, मन कसं आहे हेही विचारात घ्या. ऐरोली-वाशी लोकलची गर्दी आणि नऊ तासांचं काम कोणालाही थकवतं. पण सुट्टीच्या दिवशी झोपून उठल्यावरही अंग तसंच जड असेल तर ते वेगळं.

हे सगळं ठीक निघालं तर सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपाय आहे व्यायाम. ‘थकवा आहे म्हणून आराम’ हे इथे उलटं पडतं. क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशी अशा: आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम, आठ ते बारा आठवडे, त्याला जोडून आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येकी दोन सेट, ८ ते १५ वेळा. मध्यम गती म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही अशी. ठाण्यात तलावपाळीला किंवा नेरुळच्या ‘ज्वेल’च्या वाटेवर चालणारे निम्मे लोक सलग गप्पा मारत चालतात, ते फिरणं झालं, व्यायाम नाही झाला. पावसाळ्यात सोसायटीचं पोडियम आणि जिना पुरतो. पहिल्या दोन आठवड्यांत थकवा थोडा वाढतो, लोक तिथेच सोडतात. दहा मिनिटांनी सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वजनं उचलण्याआधी तेवढा इको होऊ द्या.

व्यायामाचा प्रश्न नुसत्या थकव्यापुरता राहिलेला नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो झालेल्या ८८९ रुग्णांवर मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, निकाल २०२५ मध्ये आले. एका गटाला तीन वर्षं प्रशिक्षकासह व्यायाम, दुसऱ्याला माहितीपत्रक. पाच वर्षांनी आजार न परतता राहिलेले ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९ टक्के. हा आकडा हॉजकिनला लावू नका. पण पत्रक देऊन भागत नाही, पाठपुरावा लागतो, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

शेवटी अभ्यासाचं. वर दिलेल्या सगळ्या रेषा, २५० आणि १०, पंचविसावं वर्ष आणि दर दोन वर्षं, कुणीतरी वर्षानुवर्षं कंटाळवाणे फॉर्म भरले म्हणून आल्या. अमेरिकेत १९९४ मध्ये लहानपणी कॅन्सर झालेल्यांचा मोठा अभ्यास सुरू झाला आणि तुलनेसाठी त्यांची भावंडं घेतली. २००६ मध्ये त्यातल्या १०,३९७ जणांचे निष्कर्ष आले: ६२.३ टक्क्यांना किमान एक दीर्घ आजार, २७.५ टक्क्यांना गंभीर किंवा जिवावरचा. असे दूरगामी परिणाम त्याआधीपासूनच दिसत होते, म्हणून डॉक्टर जिथे शक्य तिथे शेक आणि औषधाची मात्रा कमी करत आले. २०१६ मध्ये त्याच अभ्यासात दिसलं की पाच वर्षं जगलेल्यांचे १५ वर्षांतले मृत्यू १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या रुग्णांत १२.४ टक्के होते, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या रुग्णांत ६ टक्के. तुम्हाला चारच सायकल आणि २५ ग्रेच मिळाले, त्यामागे ही हिशोबाची परंपरा आहे. पूर्वी हॉजकिनला ३५-४० ग्रेपर्यंत शेक दिला जाई.

मग भारतात वेगळा अभ्यास कशाला? कारण इथली माणसं वेगळी. टीबी, ॲनिमिया, लहानपणीचा संधिवाताचा ताप आणि त्याने बिघडलेल्या झडपा, तंबाखू, अर्धवट सुटलेले उपचार. यांचा लाल औषधाशी मेळ कसा बसतो हे अमेरिकेतल्या आकड्यांतून कळणार नाही. टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट’ क्लिनिक १९९१ पासून चालू आहे, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट २००९ पासून. (नावाचा घोळ करू नका: खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचंच संशोधन आणि उपचारांचं संकुल, ॲक्ट क्लिनिक नव्हे.)

असे अभ्यास फसतात ते गळतीमुळे. समजा १००० बरे झालेले आहेत, पत्ता लागला ६०० चा, त्यातल्या १२० जणांना हृदयाचा त्रास. प्रमाण २० टक्के म्हणायचं का? उरलेले ४०० धडधाकट म्हणून आले नसतील तर खरं प्रमाण १२ टक्के; गावी जाऊन आजारी पडले किंवा वारले म्हणून आले नसतील तर २० हून बरंच जास्त. ‘मी ठणठणीत आहे, माझी काय गरज’ म्हणणारेच अभ्यासाला सगळ्यात जास्त हवे असतात. दुसरं, नुसत्या फॉर्मवर विसंबलं तर कमी दिसतं. अमेरिकेत सेंट ज्यूडने १७१३ जणांना बोलावून प्रत्यक्ष तपासलं, तेव्हा ४५ व्या वर्षापर्यंत किमान एक दीर्घ समस्या असलेल्यांचं अंदाजित प्रमाण ९५.५ टक्के निघालं. त्यात कमी ऐकू येणं, कोलेस्टेरॉल असंही सगळं येतं. तरी बऱ्याच जणांना तोपर्यंत ते माहीतच नव्हतं.

तुम्हाला बहुधा आयुष्याच्या गुणवत्तेची प्रश्नावली देतील. जगभर वापरली जाणारी एक ३० प्रश्नांची आहे, मराठीतही मिळते. तिच्यात बहुतेक प्रश्न ‘गेल्या आठवड्यात’ काय झालं याबद्दल असतात आणि उत्तरं १ ते ४. थकव्याचे तीन प्रश्न. समजा तुम्ही २, ३, २ लिहिलंत: सरासरी २.३३, त्यातून १ वजा, भागिले ३, गुणिले १००, म्हणजे ४४. दहा गुणांच्या आसपासचा फरक माणसाला स्वतःला जाणवतो असं मानतात. एक प्रश्न रिकामा सोडला तर उरलेल्या दोघांची सरासरी चालते. दोन सोडले तर थकव्याचा तुमचा आकडाच निघत नाही. त्यामुळे लाजिरवाणा वाटला म्हणून प्रश्न गाळण्यापेक्षा खोलीत एकटं बसून भरा. आई-वडिलांना शेजारी बसवू नका. ते वाईट म्हणून नव्हे. आई शेजारी असली की मुलगी ‘झोप लागते का’ला ‘हो’च लिहिते. आणि आज बरं वाटतंय म्हणून आठवड्याचं उत्तर आजचं देऊ नका.

सही करण्याआधी माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणून वाचा. विचारायचं ते असं: जास्तीच्या तपासण्या कोणत्या आणि खर्च कोणाचा, काही सापडलं तर मला कोण आणि किती दिवसांत सांगणार, रक्ताचा नमुना साठवणार का, त्यावर जनुकीय तपासणी होणार का, नाव आणि केस नंबर कोण पाहू शकतं. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि तिचा संपर्क पत्रकावर असलाच पाहिजे. कधीही बाहेर पडता येतं आणि त्याने उपचारांवर परिणाम होत नाही. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. आणि एक मागणी आवर्जून करा: अभ्यासासाठी त्यांना तुमचा जुना केमो चार्ट आणि शेकाची समरी शोधून काढावीच लागणार आहे, तिची प्रत मला द्या म्हणा. रेकॉर्ड विभागात खेटे घालण्याचं तुमचं अर्धं काम तिथेच होतं.

संपर्काच्या रकान्यात फक्त स्वतःचा मोबाइल देऊ नका. ज्यांचं घर आणि नंबर सहसा बदलत नाही अशा दोन नातेवाइकांचे नंबर त्यांना विचारून द्या. लग्नानंतर नाव, पत्ता, सिम सगळं एकदम बदललं की मुलगी अभ्यासातून निसटते, म्हणून केस नंबर आणि निदानाच्या वेळचं पूर्ण नाव त्या एका पानावर सगळ्यात वर लिहून ठेवा, आणि नाव बदललंत तर आठवड्याभरात अभ्यासाच्या समन्वयकांना कळवा.